कुटुंबासह परदेशी जायचंय? देश सगळ्यात शेवटी ठरवा

महिन्यातून दोन-तीन वेळा तरी कुणीतरी फाइल घेऊन घरी येतं. कुणी घोडबंदर रोडचं, कुणी ऐरोलीचं, कुणी खारघरचं. फाइलमध्ये एजंटची रंगीत पत्रकं असतात, टोकन म्हणून भरलेल्या पैशांची पावती असते आणि प्रश्न एकच असतो: "कॅनडा बरा की ऑस्ट्रेलिया?" मी उलट विचारतो, वहिनींचं पासपोर्टवरचं नाव आणि बी.कॉम.च्या मार्कशीटवरचं नाव एकच आहे का? बहुतेक वेळा दोघं एकमेकांकडे बघतात.

चूक तिथेच होते. आधी देश, मग एजंट, मग परीक्षा आणि कागद सगळ्यात शेवटी, या क्रमाने लोक जातात. खालचा क्रम जवळपास उलटा आहे. तो पगारदार जोडप्यांसाठी आहे, वय साधारण २८ ते ४५, पदरात एक-दोन मुलं. कंपनीच बदलीवर पाठवत असेल तर यातला अर्धा भाग तुम्हाला लागणार नाही. बाकीच्यांनी बारा ते अठरा महिने हाताशी धरावेत.

## १. एका कागदावर चार तारखा

नवऱ्याची जन्मतारीख, बायकोची जन्मतारीख, थोरल्या मुलाची जन्मतारीख आणि तो दहावीला कधी बसणार ते वर्ष. एवढं लिहून फ्रिजवर लावा.

कारण वयाचे गुण थांबून राहत नाहीत. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे वय, शिक्षण, अनुभव आणि भाषा यांचे गुण मोजून निवड करणाऱ्या पद्धतीत, जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला २९ वर्षांपर्यंत वयाचे पूर्ण १०० गुण मिळतात, ३५ व्या वर्षी ७०, ४० व्या वर्षी ४५ आणि ४५ ला शून्य. म्हणजे तिशीत दर वाढदिवसाला पाच गुण जातात, चाळिशीनंतर दहा. ऑस्ट्रेलियाच्या गुणांवर मिळणाऱ्या व्हिसासाठी अर्ज करायचं बोलावणं येतं त्या दिवशी वय ४५ च्या आत असावं लागतं. "मुलाची दहावी होऊ दे, मग बघू" हा निर्णय चुकीचा नाही, पण त्याची किंमत किती गुण आहे ते आधी मांडा.

मुलांनाही वयाची अट आहे. आईबापाच्या अर्जात अवलंबित म्हणून कॅनडात २२ वर्षांखालचं अविवाहित मूल चालतं, ऑस्ट्रेलियात २३ च्या आतलं, अमेरिकेत २१.

आणि आईबाबा. ते तुमच्या अर्जात येत नाहीत, हे कुणी स्पष्ट सांगत नाही. कॅनडाच्या सुपर व्हिसावर ते एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, पण ती पाहुण्यांची सोय आहे. नौपाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्यांच्याकडे कोण बघणार, याचं उत्तर भावंडांसोबत बसून आत्ता ठरवा. व्हिसा हातात आल्यावर हा विषय काढला की भांडण होतं. मी दोन घरांत ते बघितलंय.

तपासा: घरात कुणाला दीर्घ आजार किंवा मुलाला विशेष गरज असेल तर पैसे भरण्याआधी वैद्यकीय निकष वाचा. ऑस्ट्रेलियात एक सदस्य वैद्यकीय अटीत बसला नाही तर सहसा सगळ्या कुटुंबाचा अर्ज अडतो. सूट मिळू शकते, पण प्रत्येक व्हिसात नाही.

## २. कागद: इथेच सहा महिने जातात

नावं. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचंही नाव. पासपोर्टवर वेगळाच क्रम. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं, बँकेत तिसरंच. परदेशातला अधिकारी हे सगळं एकाच बाईचं आहे हे मानायला बांधील नाही. नाव खरोखर बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि लागलं तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद जवळ ठेवा. नुसता क्रम वेगळा असेल तर बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्र पुरतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी दुरुस्त करा. ठाणेकरांचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे.

विवाह नोंदणी. हॉलची पावती आणि पत्रिका हा पुरावा नव्हे. ठाण्यात प्रभाग समितीत किंवा नवी मुंबईत विभाग कार्यालयात उशिरा नोंदणी होते, दंड भरावा लागतो एवढंच. साक्षीदार आणि भटजींची माहिती लागते, म्हणून भटजी हयात आहेत तोवर करा. (हसू नका, एकाचं यावरच अडलं होतं.)

मुलांचे जन्मदाखले. रुग्णालयातून नोंद झाली तेव्हा बाळाचं नाव ठरलेलं नव्हतं, म्हणून अनेक दाखल्यांवर नावाची जागा कोरी असते. नाव घालून नवीन प्रत घ्या. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं, हा गोंधळही इथेच पकडा.

पदवी आणि ट्रान्सक्रिप्ट. पासिंग सर्टिफिकेट म्हणजे पदवी प्रमाणपत्र नाही. दीक्षान्ताचं प्रमाणपत्र कॉलेजातून कधी आणलंच नसेल तर आता आणा. कॅनडासाठी डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला उतारा) विद्यापीठाकडून थेट तिकडे जावं लागतं. मुंबई विद्यापीठाचं हे काम कलिन्याच्या परीक्षा भवनातून चालतं. सगळ्या सत्रांच्या मार्कशीट, एटीकेटी असलेल्यांसकट, एका पाकिटात ठेवा. एक सत्र सापडत नसेल तर दुय्यम प्रत काढण्यात आणखी वेळ जातो.

अनुभवपत्र. माझी स्वतःची फाइल इथे आपटली. पत्रावर पद होतं, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख होती, "त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा" होत्या. काम काय करत होतो त्याची एक ओळ नव्हती. मूल्यांकन करणारे पद बघत नाहीत, काम बघतात. महापे एमआयडीसीतल्या कारखान्यात "एक्झिक्युटिव्ह" म्हणून नोकरी करणारा माणूस प्रत्यक्षात गुणवत्ता तपासणी करतो की खरेदी बघतो, हे पत्रात दिसलं पाहिजे. पत्रात हवं: कंपनीचं लेटरहेड, पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार, पाच-सात ओळींत प्रत्यक्ष काम, सही करणाऱ्याचं नाव आणि संपर्क.

जुनी कंपनी बंद पडलीय? मग तेव्हाच्या वरिष्ठाचं प्रतिज्ञापत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक हे सगळं एकत्र जोडतात. पीएफच्या नोंदीत कंपनीचं नाव आणि काळ दिसतो, म्हणून हा पुरावा वजनदार.

इशारा: त्या देशाच्या अधिकृत यादीतलं कामाचं वर्णन जसंच्या तसं पत्रात चिकटवू नका. वाचणाऱ्याने ती वाक्यं हजार वेळा बघितलेली असतात.

## ३. मुख्य अर्जदार कोण?

"अर्थात मी," असं पुरुष मंडळी म्हणतात आणि पुढे जातात. दोन्ही बाजूंनी गणित करून बघा. बायको नर्स, शिक्षिका किंवा फिजिओथेरपिस्ट असेल, वयाने तीन वर्षं लहान असेल आणि इंग्रजी बरं असेल, तर तिच्या नावावरचा अर्ज बऱ्याचदा पुढे निघतो.

एक उदाहरण. नवरा ३६ वर्षांचा, बी.ई., दहा वर्षांचा अनुभव, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत श्रवणात ८ आणि बाकी तिन्हींत ७. बायको बी.एस्सी., इंग्रजी ठीक. कॅनडाच्या हिशोबात वयाचे ६५, पदवीचे ११२, भाषेचे ११६, पदवी आणि अनुभवाला चांगल्या भाषेची जोड म्हणून ७५, जोडीदाराचे साधारण २०. बेरीज ३८८. आणि २०२५ मध्ये कॅनडातच काम केलेल्यांना बोलावण्याच्या फेऱ्यांचा कटऑफसुद्धा ५०० च्या वर राहिला. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. म्हणजे या जोडप्याला "प्रोफाइल टाकून ठेवू, कटऑफ खाली येईल" असं सांगणारा माणूस प्रोफाइल टाकण्याची फी घेतोय, बाकी काही नाही.

हेच जोडपं ऑस्ट्रेलियाच्या मोजणीत: वय २५, पदवी १५, अनुभव आठ वर्षांच्या वर मानला गेला तर १५, इंग्रजी १०, जोडीदाराच्या इंग्रजीचे ५. एकूण ७०. किमान अट ६५ ची आहे, पण ६५ म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, बोलावण्याची खात्री नाही. राज्याचं नामांकन मिळालं तर १९० व्हिसाला ५ आणि प्रादेशिक ४९१ ला १५ गुण वाढतात. ४९१ घेतला तर ८५ होतात, पण आधी सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून इतरत्र राहून काम करायची तयारी हवी, कायमचा व्हिसा त्यानंतर.

तपासा: आयटीवाल्यांनो, तिथली एसीएस ही संस्था कौशल्य तपासताना सुरुवातीची काही वर्षं वजा करते. दहा वर्षांचा अनुभव कागदावर सहा-आठ होऊ शकतो. गणित त्या आकड्यावर करा.

## ४. आता दार निवडा

गुण कळले, कागद कळले, मग देश. दारं तीनच: गुणांचं, नोकरीचं आणि शिक्षणाचं.

गुणांचं दार कमी पडत असेल तर कॅनडात प्रांताचं नामांकन ६०० गुण देतं. आरोग्यसेवा आणि कुशल कारागिरीसाठी वेगळ्या फेऱ्याही निघतात. फ्रेंच भाषिकांच्या फेऱ्यांचा कटऑफ बराच खाली असतो आणि चांगल्या फ्रेंचला ५० पर्यंत जादा गुण मिळतात. शून्यापासून त्या पातळीला यायला नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं धरा. सहा महिन्यांत शिकवतो म्हणणाऱ्या क्लासकडून आधीच्या विद्यार्थ्यांचे निकाल मागा.

नोकरीच्या दारात माझ्या मते आपल्याकडच्या इंजिनिअरांनी जर्मनीकडे जितकं बघायला हवं तितकं ते बघत नाहीत. तिथल्या ईयू ब्लू कार्डला, म्हणजे पदवीधरांच्या नोकरीच्या परवान्याला, वयाची अशी उतरंड नाही. २०२५ साठी पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती, टंचाई असलेल्या व्यवसायांना त्याहून कमी, आणि ती दर जानेवारीत बदलते. बायको-मुलं सोबत येऊ शकतात, जोडीदाराला जाण्यापूर्वी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे नोकरीची मोकळीक असते. बी१ पातळीचं जर्मन आलं तर २१ महिन्यांत कायम निवासाचा अर्ज करता येतो. पहिलं काम म्हणजे अनाबिन या त्यांच्या यादीत तुमचं विद्यापीठ आणि पदवी शोधणं. फुकट आहे, दहा मिनिटांचं आहे. दुसरं काम नोकरी शोधणं, आणि त्याला वर्षभर लागू शकतं. भाषेशिवाय नोकरी मुख्यतः आयटीत मिळते. तळोज्याच्या रसायन कारखान्यातल्या प्रोसेस इंजिनिअरला जर्मनशिवाय कुणी घेईल, अशा भरवशावर राहू नका. जून २०२४ पासूनचं चान्सेनकार्टे हे नोकरी शोधायला एकट्याने जायचं साधन आहे. कुटुंबाचं तिकीट त्यावर काढू नका.

ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसाची सर्वसाधारण पगारअट ४१,७०० पौंड झाली आणि केअर वर्करची परदेशातून भरती बंद झाली. तरीही त्या नावाने पैसे घेणारे अजून फिरतायत. अमेरिकेत नोकरीच्या एच-१बी व्हिसावर जाता येईल, पण भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की आज आठ वर्षांचं मूल २१ चं होईपर्यंत ती संपेल असं धरून चालू नका. ग्रीन कार्डाची लॉटरी भारतीयांना नाही.

आखातात स्थायिक होणं नसतं, नोकरी असेपर्यंतचं बिऱ्हाड असतं. तरी ज्याला दहा वर्षांत कर्ज फेडून परत यायचंय त्याच्यासाठी हे प्रामाणिक उत्तर आहे. यूएईत कुटुंब नेण्यासाठी पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची जागा, अशी अट आहे. पण तेवढ्या पगारात दुबईत मुलांची शाळा भागत नाही, हेही तितकंच खरं.

शिक्षणाच्या दाराबद्दल एक इशारा पुरे. चाळिशीत मास्टर्स करून कुटुंब नेण्याचा बेत जुन्या नियमांवर आखलेला असतो. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून संशोधन अभ्यासक्रम सोडून विद्यार्थ्यांना कुटुंब नेता येत नाही. कॅनडात जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचं वर्क परमिट १६ महिने किंवा जास्त लांबीच्या मास्टर्सपुरतं, पीएचडीपुरतं आणि ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरतं उरलं. ऑस्ट्रेलियात शिक्षणानंतरच्या ४८५ व्हिसाला आता बहुतेकांसाठी वयाची मर्यादा ३५ आहे.

या पायरीवर "आपल्याला आत्ता कुठलंच दार नाही" असं उत्तर आलं तर ते लिहून ठेवा आणि वर्षभराने पुन्हा हिशोब करा. तोवर तुमचे पैसे शाबूत आहेत.

## ५. परीक्षा: उशिरा द्या, एकदाच नीट द्या

भाषेच्या परीक्षेचा निकाल कॅनडासाठी दोन वर्षं चालतो, पदवीचं मूल्यांकन पाच वर्षं. तरी लोक उत्साहात परीक्षा आधी देतात आणि ट्रान्सक्रिप्टची वाट बघता बघता निकालाचं निम्मं आयुष्य संपतं. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातून निघालं की परीक्षेची तारीख घ्या.

कॅनडाच्या स्थायिक अर्जाला आयईएलटीएस द्यायची तर जनरल लागते. अॅकॅडमिक देऊन आलेले दर वर्षी भेटतात, फी पाण्यात. मराठी माध्यमातल्यांना भीती बोलण्याची असते, गुण मात्र लेखनात जातात. ऐरोलीहून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये पॉडकास्ट ऐकून श्रवण सुधारेल, लेखन सुधारणार नाही. रोज एक पत्र लिहून कुणाकडून तरी तपासून घ्या. जोडीदारानेही परीक्षा द्यायचीच, तिचे गुण मोजले जातात.

## ६. एजंट घ्यायचा तर

घ्यायलाच हवा असं नाही. अर्ज स्वतः भरता येतात. वेळ नसेल तर परवाना क्रमांक मागा आणि तो स्वतः तपासा: कॅनडासाठी तिथल्या इमिग्रेशन सल्लागार कॉलेजची नोंदवही, ऑस्ट्रेलियासाठी 'मारा' या तिथल्या एजंट नोंदणी संस्थेची. ठाणे स्टेशनजवळच्या ऑफिसात बसलेला माणूस परवानाधारक नसेल, तर अर्जावर सही करणारा परवानाधारक कोण, हे लेखी घ्या. आखातातल्या नोकरीसाठी एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो. त्याची सेवा फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही.

लॉगिन आणि पासवर्ड तुमच्याकडे हवा. अर्ज जमा होण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा. खोटं अनुभवपत्र एजंटने जोडलं तरी कॅनडाची पाच वर्षांची बंदी तुमच्यावर येते, ब्रिटनची दहा वर्षांची.

लगेच उठून या, जर तो म्हणाला: व्हिसा गॅरंटीड आहे, नोकरीची ऑफर विकत मिळेल, किंवा बायकोचं नाव सध्या दाखवू नका.

शेवटचं सगळ्यात घातक. सोबत येणार नसलेली पत्नी आणि मुलंही अर्जात जाहीर करावी लागतात. कॅनडात लपवलेल्या सदस्याला नंतर बोलावण्याचा मार्ग सहसा बंदच होतो.

## ७. पैसा दाखवायचा आणि पैसा लागायचा

हे दोन वेगळे आकडे आहेत. कॅनडाच्या कुशल कामगार अर्जात चौघांच्या कुटुंबाला जुलै २०२५ पासून २८,३६२ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, आपले साधारण १७-१८ लाख. पैसे तुमचे हवेत, उसने नकोत, आणि सहा महिन्यांची सरासरी शिल्लक बँकेच्या पत्रात येते. मेहुण्याकडून आठवड्यासाठी घेतलेले दहा लाख त्या पत्रात उघडे पडतात. घराची किंमतही चालत नाही. एफडी चालते.

लागणारा पैसा वेगळा: फी, तिकिटं, घराचं डिपॉझिट आणि नोकरीशिवायचे किमान सहा महिने. परदेशी पाठवण्याची मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, ती सहसा अडचण नसते. अडचण टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते त्या कराची, होते. एप्रिल २०२५ पासून वर्षात दहा लाखांवरच्या रकमेवर तो कापला जातो. विवरणपत्र भरून परत मिळतो, पण त्या महिन्यात तेवढी रक्कम हातात नसते. मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत, दोघांच्या खात्यांतून विभागून पाठवलं की भार कमी होतो.

घर विकून जायचं असेल तर वेळेचं भान ठेवा. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवरचं घर असेल तर हस्तांतराची परवानगी आणि शुल्क धरा. ठाण्यात इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसेल तर खरेदीदाराला कर्ज मिळायला अडतं आणि भाव पडतो. अनिवासी झाल्यावर विकलं तर खरेदीदाराला रहिवाशाच्या एक टक्क्याऐवजी कितीतरी जास्त टीडीएस कापावा लागतो. विकायचं नसेल तर भावाच्या किंवा वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र निघण्याआधी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवा. तिकडून वकिलातीमार्फत करणं हा वेगळा व्याप आहे.

## ८. बोलावणं आल्यावर

कॅनडा असो की ऑस्ट्रेलिया, पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. कागद तेव्हा गोळा करायला घेतले तर पुरत नाहीत. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट पोर्टलवरून, दोघांचंही. पूर्वी दुबईत किंवा सिंगापुरात राहिला असाल तर तिथलंही लागतं, आणि त्यालाच सगळ्यात उशीर होतो. वैद्यकीय तपासणी त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरकडेच.

राजीनामा देऊ नका. व्हिसाचा शिक्का किंवा पत्र हातात आल्याशिवाय नोटीस नाही, शाळेतून नाव काढणं नाही, फ्रिज विकणं नाही.

आधी एकाने जायचं की सगळ्यांनी, यावर माझं मत स्पष्ट आहे. नोकरी हातात असेल तर सगळे एकत्र जा. नसेल तर एकाने तीन-चार महिने आधी जाऊन घर आणि नोकरी बघावी, पण व्हिसावर पहिल्यांदा दाखल होण्याची मुदत सगळ्यांसाठी असते, ती चुकवू नका. मुलांच्या हिशोबाने कॅनडात ऑगस्ट आणि ऑस्ट्रेलियात जानेवारी बरा, कारण त्यानंतर तिकडची शाळा सुरू होते. निघताना शाळा सोडल्याचा दाखला, गेल्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं आणि लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. ते कार्ड बहुतेक घरांत आजीच्या कपाटात असतं, आणि अर्धं मराठीत भरलेलं असतं. बालरोगतज्ज्ञाकडून इंग्रजीत लिहून, सही-शिक्क्यासह घ्या.